मागच्या सीटचा बेल्ट: माझा जीव, माझी मर्जी, मग सरकार मध्ये का?

मागच्या महिन्यात मामांना घेऊन आम्ही नारायणगावला निघालो होतो. गाडी नवीन, मामा मागे ऐसपैस बसलेले आणि गाडीचं टुणटुण सुरू. मामा म्हणाले हे काय वाजतंय, मी म्हटलं मामा बेल्ट लावा, आता मागच्यांसाठी पण अलार्म असतो. मग मामांनी काय केलं, बेल्ट ओढला, पाठीमागून नेला, बकलमध्ये खटकन अडकवला आणि त्यालाच टेकून बसले. टुणटुण बंद. "झालं समाधान तुझ्या गाडीचं?" आणि मग चाकण येईपर्यंत भाषण, की जीव आमचा, गेलो तर आम्ही जाऊ, सरकारच्या बापाचं काय जातंय.

मामांना तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही मला. कारण प्रश्न दिसतो तितका येडा नाहीये. दारू पिऊन गाडी चालवली तर दुसरा मरतो, सिग्नल तोडला तर दुसरा मरतो, तिथे कायदा हवा हे कुणीही मान्य करेल. पण बेल्ट नाही लावला तर मीच मरणार ना? मग दंड कसला? यावर जगभर पन्नास-साठ वर्षं भांडणं झालीत, संसदांमध्ये झालीत. तेव्हा जरा मुळापासून बघू.

आधी नियम काय आहे ते

बऱ्याच जणांना वाटतं की मागच्या सीटचा नियम हल्लीचा आहे, २०२२ नंतरचा. तसं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये नियम १३८(३) आहे, त्यात ड्रायव्हर, पुढे शेजारी बसलेला आणि मागच्या पुढे तोंड असलेल्या सीटवर बसलेले, सगळ्यांनी बेल्ट लावायचा असं आहे. २०१९ ला मोटार वाहन कायदा बदलला तेव्हा १९४ब हे कलम आलं, दंड १००० रुपये, आणि १४ वर्षांखालचं पोर बेल्टशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवलं असेल तर दंड गाडी चालवणाऱ्याला. म्हणजे नियम कागदावर होताच, फक्त मागे डोकावून कुणी बघत नव्हतं.

डोकावायला लागले ते ४ सप्टेंबर २०२२ नंतर. त्या रविवारी दुपारी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर, टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडीत चौघं होते. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावलेले नव्हते, ते दोघं गेले, पुढचे दोघं गंभीर जखमी झाले पण वाचले. त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्यांना बेल्ट सक्तीचा असं जाहीर केलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून बनणाऱ्या नव्या कारमध्ये मागच्या बेल्टचाही अलार्म कंपल्सरी झाला. मामांचं टुणटुण ते हेच.

एका अपघातावरून काही सिद्ध होत नाही हे मला मान्य आहे. पण त्यातला एक आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. गाडीच्या कंपनीने दिलेल्या प्राथमिक अहवालाप्रमाणे धडकेच्या पाच सेकंद आधी स्पीड १०० होता, मग ब्रेक लागले, आणि धडक ८९ ला झाली.

गाडी थांबते, तुम्ही थांबत नाही

एसटीत स्टँडिंगला उभे असताना ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला की आपण पुढच्याच्या अंगावर जातो. आपल्याला कुणी ढकललं नाही. बस थांबली, आपण मघाच्याच स्पीडने चालू राहिलो, बस एवढंच. याला जडत्व म्हणतात, शाळेत शिकलोय सगळे, आणि बेल्टचं सगळं प्रकरण या एका शब्दात आहे.

८९ चा स्पीड म्हणजे किती हे मीटरवर बघून कळत नाही कारण आत एसी असतो, गाणी असतात. म्हणून उंचीत मोजायचं. ५० च्या स्पीडने समोर आदळणं म्हणजे साधारण १० मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतकं. ८० ला साधारण २५ मीटर, आठवा मजला. ८९ ला ३१ मीटर, म्हणजे दहावा मजला. दहाव्या मजल्याच्या गच्चीच्या कठड्यावर बसताना "काय होत नाय" असं आपण म्हणत नाही, गाडीत मात्र म्हणतो.

आता पडणं वाईट नसतं, थांबणं वाईट असतं. देवगडहून हापूसची पेटी येते, त्यात पेंढा का घालतात? ट्रकला दणके बसायचे ते बसतातच, पेंढा असला की आंबा थोडा सरकतो, थोडा दबतो, हळू थांबतो. पेंढा नसला तर लाकडावर आपटून डाग. गाडीचं बॉनेट चुरगळतं ना, लोक म्हणतात हल्लीच्या गाड्या पत्र्याच्या डब्या झाल्यात, ते चुरगळणं मुद्दाम केलेलं असतं, तोच पेंढा. पण त्या पेंढ्याचा फायदा तुम्हाला कधी मिळणार, तुम्ही गाडीला बांधलेले असाल तेव्हाच. बांधलेले नसाल तर बॉनेट चुरगळून गाडी थांबून गेलेली असते आणि तुम्ही अजून ५० ने हवेत आहात.

ढोबळ हिशोब करू. ५० च्या स्पीडला बेल्ट लावलेला माणूस बॉनेट चुरगळणं आणि बेल्ट ताणणं मिळून समजा ६० सेंटीमीटरमध्ये थांबला. त्याच्यावर त्याच्या वजनाच्या १६ पट जोर येतो. ६० किलोचा माणूस असेल तर साधारण एक टन. बरगडी मोडेल, खांद्यावर काळानिळा पट्टा उठेल, पण माणूस राहतो. बेल्ट नसलेला समोर जे कडक येईल त्यावर दहा सेंटीमीटरमध्ये थांबला तर वजनाच्या शंभर पट, सहा टन. आणि तोही बहुतेक वेळा डोक्यावर.

याच हिशोबात मांडीवरचं बाळ बसवून बघा. दहा किलोचं पोर, सोळा पट, १६० किलो. तेही बेल्टवाल्यासारखं सावकाश थांबलं तर. १६० किलोचं पोतं हातात धरून ठेवणारी आई जगात नाही, प्रेम कितीही असू दे. आपल्याकडे पुढच्या सीटवर बाळाला मांडीवर घेऊन बसायची पद्धत आहे ती बघून माझ्या पोटात गोळा येतो.

बेल्ट ही चीज काय आहे

कमरेवरून आणि खांद्यावरून जाणारा, तीन ठिकाणी अडकलेला आजचा बेल्ट १९५९ ला व्होल्वो कंपनीतल्या निल्स बोलिन नावाच्या इंजिनिअरने आणला. हा माणूस त्याआधी साब कंपनीत लढाऊ विमानातून पायलटला बाहेर फेकणाऱ्या सीट बनवायचा. आधी बाहेर फेकायचं काम, मग आत धरून ठेवायचं! व्होल्वोने ते डिझाइन बाकीच्या कंपन्यांनाही वापरू दिलं. त्यातली हुशारी अशी की झटका छाती आणि कमरेच्या हाडांवर पसरतो, पोटासारख्या मऊ जागी येत नाही. म्हणून तो कमरेचा पट्टा पोटावर नाही, खाली हाडावर यायला हवा. गरोदर बाईने पण लावायचा, खालचा पट्टा पोटाच्या खालून आणि वरचा छातीच्या मधून पोटाच्या बाजूने. साडी चुरगळते, हो, चुरगळते.

आणि तो घाईत ओढला की अडकतो म्हणून आपण चिडतो ना, तोच त्याचा गुण आहे. हळू ओढला तर येतो, झटका बसला तर लॉक. म्हणूनच "बेल्ट लावला की हलता येत नाही" ही तक्रार मला कळत नाही, तो एरवी हलू देतोच.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की बेल्टमुळे पुढे बसलेल्यांचा मरण्याचा धोका ४५ ते ५० टक्के कमी होतो, मागे बसलेल्यांचा २५ टक्के. म्हणजे बेल्ट ही अमृताची बाटली नाही. ट्रकखाली गाडी घुसली तर बेल्ट काय करणार. आपल्याकडे २०२२ मध्ये बेल्ट न लावलेले १६,७१५ लोक गाड्यांमध्ये गेले असं केंद्राच्या रस्ते मंत्रालयाचा अहवाल सांगतो, त्यात ८,३८४ ड्रायव्हर आणि ८,३३१ प्रवासी. व्हॉट्सअ‍ॅपवर हा आकडा "बेल्ट असता तर एवढे वाचले असते" म्हणून फिरतो ते चूक आहे, त्यातले बरेच तरीही गेले असते. पण चौथा हिस्सा धरला तरी चार हजारांच्या वर माणसं होतात.

पण जीव माझाच ना?

आता मामांचा मुद्दा. गाडीत तुम्ही एकटे असाल तर तो निदान बोलण्यासारखा आहे. पण मामा मागे बसले होते आणि त्यांच्या पुढे मी बसलो होतो. धडक झाली तर मामा, वजन ८५ किलो, माझ्या सीटच्या पाठीवर येणार. मी बेल्ट लावून, स्टिअरिंगच्या एअरबॅगच्या भरवशावर बसलेलो, आणि मागून मामा. जपानमधल्या संशोधकांनी तिथल्या अपघातांचा डेटा काढून २००२ मध्ये लॅन्सेट या मेडिकल मासिकात छापलं होतं की मागच्याने बेल्ट लावलेला नसेल तर पुढच्या बेल्ट लावलेल्या माणसाचा मरण्याचा धोका जवळपास पाचपट होतो. एकदा हे कळलं की "जीव आमचा" हे वाक्य मागच्या सीटवरून तरी म्हणता येत नाही. शेजारी कुणी बसलं असेल तर डोक्याला डोकं आपटतं ते वेगळंच.

दुसरी गोष्ट पैशाची, ती मी पटकन सांगतो कारण ती मला अर्धवटच पटते. अ‍ॅम्ब्युलन्स, सरकारी दवाखान्यातला आयसीयू बेड, इन्शुरन्स, हे सगळं सगळ्यांच्या खिशातून जातं म्हणून समाजाला बोलायचा हक्क आहे असं म्हणतात. खरं आहे, पण मग तंबाखूचं काय, वडापावचं काय, डोंगर चढायला जाणाऱ्यांचं काय. या वाटेने गेलो तर सरकार ताटात पण डोकावेल. म्हणून नुसत्या खर्चावर सक्तीचं घर बांधू नये असं माझं मत.

तिसरी गोष्ट मला जास्त पटते. मामांना विचारा, मामा तुम्ही विचारपूर्वक ठरवलंय का की आदळलो तर मला सहा टन चालतील? तसं कुणीच ठरवत नाही. बेल्ट राहतो तो आळसाने, सवय नाही म्हणून, बकल सीट कव्हरखाली गेलंय म्हणून, लोक हसतील म्हणून. मर्जी म्हणायला आधी काहीतरी ठरवलेलं तर पाहिजे. आणि खरंच ठरवायची वेळ येते तेव्हा हातात सेकंदाचा दहावा हिस्सा असतो.

इतर देशात काय झालं

बेल्ट लावायची सक्ती जगात पहिल्यांदा १९७० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने केली. ब्रिटनची गोष्ट जास्त बघण्यासारखी आहे कारण तिथे दहा वर्षं संसदेत बिलं येत होती आणि पडत होती, विरोध करणारे अगदी मामांच्याच भाषेत बोलत होते, थोडं सूटबुटात. त्या काळात टीव्हीवर जाहिराती करून करून बेल्ट लावणारे झाले साधारण ४० टक्के. मग ३१ जानेवारी १९८३ ला पुढच्या सीटची सक्ती आली आणि आकडा बघता बघता ९० च्या वर गेला. समजावून ४०, कायद्याने ९०. मागच्या सीटवरच्या मोठ्या माणसांची सक्ती तिथेही १९९१ ला आली, म्हणजे मागे बसणारे सगळीकडेच लाडके.

अमेरिकेत उलटं झालं आधी. १९७४ च्या मॉडेलच्या गाड्यांमध्ये बेल्ट लावल्याशिवाय गाडी चालूच होणार नाही अशी सिस्टीम टाकली. शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी ठेवली तरी गाडी म्हणायची आधी हिला बेल्ट लावा. लोक इतके भडकले की त्याच वर्षी संसदेने ती सिस्टीम सक्तीची करायलाच बंदी घातली. पहिला बेल्टचा कायदा तिथे न्यूयॉर्क राज्यात १९८४ ला झाला. आणि न्यू हॅम्पशायर नावाचं एक राज्य आहे, तिथे मोठ्या माणसांना आजही बेल्टची सक्ती नाही. त्यांच्या नंबरप्लेटवरच लिहिलेलं असतं, स्वतंत्र जगा नाहीतर मरा. तिथे बेल्ट लावणारे देशात सगळ्यात कमी असलेल्या राज्यांत मोडतात.

माझा एक आतेभाऊ न्यू जर्सीत, एडिसनला असतो. तिथे बाहेर पडताना मागच्या सीटवरच्या आपल्या आईला पण बेल्ट लावल्याशिवाय गाडी हलवत नाही, आणि पुण्यात उतरला की विमानतळावरून घरापर्यंत मागे पाय पसरून मोकळा. विचारलं तर म्हणे अरे इथे कोण बघतंय. त्याची अक्कल विमानात राहत नाही, फक्त बघणारा बदलतो.

एअरबॅग आहेत की

आहेत, पण एअरबॅग म्हणजे उशी नव्हे. धडकेनंतर डोळ्याची पापणी लवायच्या आत ती दोनशेच्या वर स्पीडने फुगते आणि तुम्ही बेल्टने जागच्या जागी धरलेले आहात असं धरून फुगते. तुम्ही पुढे झेपावत असाल तर ती थोबाडीत बसते. स्टिअरिंगवर एसआरएस लिहिलेलं असतं, त्यातल्या पहिल्या एसचा अर्थच पूरक, म्हणजे बेल्टला जोड. मिस्त्रींच्या गाडीतही एअरबॅग होत्याच.

गाडी पेटली, पाण्यात पडली तर अडकू

ही भीती खरी आहे, पण आग आणि पाणी हे अपघातांमधला फारच लहान हिस्सा असतात. आणि त्यातही बाहेर पडायला आधी शुद्धीवर असावं लागतं. बेल्ट लावलेला माणूस बकल दाबून निघू शकतो, डोकं काचेवर आपटून बेशुद्ध पडलेला नाही निघू शकत. बाहेर फेकला जाऊन वाचला असे किस्से प्रत्येक गावात एक असतोच. फेकला जाऊन गेलेले किस्से सांगायला येत नाहीत.

बेल्ट लावला की माणूस जास्त जोरात चालवतो म्हणे

हा मुद्दा अभ्यासू आहे. सॅम पेल्ट्झमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये मांडला, की सुरक्षा वाढली की माणूस बेफिकीर होतो आणि मरतात पायी चालणारे. ऐकायला एकदम पटतं. पण पुढे २००३ मध्ये अमेरिकेतल्या वेगवेगळ्या राज्यांचे कायदे आणि मृत्यू तपासून अल्मा कोहेन आणि लिरान आयनाव्ह यांनी दाखवलं की बेल्ट सक्तीने गाडीतले मृत्यू कमी झाले आणि बाहेरच्यांचे वाढल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. आणि मागे बसलेल्या मामांना तर हा मुद्दा लागूच नाही, ते काय जोरात चालवणार.

रस्ते नीट करा आधी

इथे मी मामांच्या बाजूने. सूर्या नदीच्या त्या पुलाजवळ तीन लेनचा रस्ता दोन लेनचा होतो हे तेव्हा सगळ्या पेपरांत आलं होतं. खड्डे, चुकीच्या जागचे डिव्हायडर, रात्री हायवेवर दिवा न लावता उभे ट्रक, यातल्या कशाची पावती कुणाला जात नाही, आणि हजाराची पावती मात्र आमच्या काचेवर. वडापची जीप बघा, काळी-पिवळी बघा, आत चौदा, मागे लटकलेले चार. आडव्या बाकड्यांना तर नियमच लागू नाही कारण नियमात पुढे तोंड असलेल्या सीट आहेत. उभ्याने प्रवासी नेणाऱ्या गाड्यांना राज्य सरकार सूट देऊ शकतं, म्हणून लाल परीतले आपण सुटलो. म्हणजे कार घ्यायची ऐपत असलेल्याचा जीव कायद्याने वाचवायचा आणि वडापवाल्याचा देवाने. हे मला टोचतं, आणि याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. पण वडापमध्ये बेल्ट नाही म्हणून मी माझ्या गाडीतला लावायचा नाही, हे म्हणजे शेजाऱ्याकडे पाणी आलं नाही म्हणून आपला नळ बंद ठेवण्यासारखं झालं.

जुगाड तर आहेच. अलार्म बंद करायला नुसतं बकलचं तोंड, दोनशे रुपयांच्या आत, ऑनलाइन मिळायचं. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना ते काढायला लावलं, तेरा हजारांच्या वर जाहिराती हटल्या. मामांना अर्थात त्या क्लिपचीही गरज पडली नाही.

कायद्याचा मला कळलेला उपयोग

दंडाने किती लोक घाबरतात देव जाणे. मला कायद्याचा खरा फायदा घरात दिसतो. आपल्याकडे मोठ्या माणसाला बेल्ट लावा म्हणणं अवघड असतं. सासऱ्यांना कसं सांगायचं? आणि आपण कुणाच्या गाडीत बसलो आणि मागे बेल्ट शोधायला लागलो की चालवणारा लगेच, "का, माझ्या हातावर विश्वास नाय का?" लग्नाला निघालेल्या पाचच्या गाडीत "सरकून घ्या, सरकून घ्या" करत आठ बसलेत तिथे तर बेल्टचा ब काढायचा नाही. कायदा असला की बोलायला एक सोय होते. अहो मला काही नाही, पुढे पोलीस उभे आहेत, हजार रुपये कशाला घालवायचे. मान कुणाची जात नाही, दोष पोलिसाला. ब्रिटनमध्ये ४० चे ९० झाले त्यात हेही असणार असा आपला माझा अंदाज.

परत येताना मी तेच केलं. राजगुरुनगरच्या अलीकडे म्हटलं मामा, पुढे चेकिंग आहे, आणि हे लोक हल्ली मागे पण बघतात. मामांनी दोन शिव्या दिल्या, पाठीमागचा बेल्ट सोडवला, पुढून घेतला आणि लावला. चेकिंग बिकिंग काही नव्हतं. मोशीपर्यंत त्यांनी तीनदा विचारलं कुठायत पोलीस, मग झोप लागली त्यांना, बेल्टवर मान टाकून.

घरी आल्यावर जुन्या गाडीची मागची सीट उचकटली. कव्हर बसवताना तिन्ही बकलं खाली दाबून टाकलेली. दोन निघाली, सोबत शेंगदाणे, एक हेअरपिन आणि पाच रुपयाचं नाणं. मधलं बकल अजून सापडलेलं नाही, रविवारी कव्हर पूर्ण काढून बघणार आहे.